दाजींचा ठेका

४ जानेवारी

दाजी,

नमस्कार-चमत्कार मागाहून. ताईने तुमच्या आणि तिच्या, दोन्ही फोनांत माझा नंबर बंद करून टाकला आहे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून पत्र. ताई, पाकीट तूच आधी फोडणार हे मला माहीत आहे. वाच आणि मग त्यांना दे. लहानपणी माझी डायरी वाचायचीस, तेव्हाही मी काही बोललो नव्हतो.

सोबत आपला नवा अल्बम पाठवला आहे. कव्हर करडं, पुढे एक अक्षर नाही, मागे कोपऱ्यात फक्त नाव: ‘कंप’. नावाचा अर्थ पत्रकारांनी विचारला तेव्हा मी भूकंपातला कंप असं सांगितलं. तुमचं नाव कुठे घेतलं नाही, एवढं लक्षात घ्या.

कंपनीच्या साहेबांनी पहिलं गाणं ऐकलं, बराच वेळ स्पीकरकडे बघत राहिले आणि मग विचारलं की मशीन बिघडलंय का. मागच्या अल्बमच्या जिवावर त्यांनी ऑफिसला काचेची लिफ्ट बसवून घेतली. त्यांना वाटलं होतं यंदा दुसरी बसेल. लोकही चिडलेत. लग्नाच्या हॉलपासून दातांच्या दवाखान्यापर्यंत वाजलं तसलं गाणं यात एकही नाही, नाचायला उठावं तर पाय कुठे टाकायचा ते कळत नाही. बारकीला तर बाजारात एका बाईने अडवून सांगितलं की तुझा आवाज चांगला आहे, तू या लोकांना सोड. बारकी मला हे हसत सांगत होती, पण आपली गायिका हल्ली असं हसते तेव्हा मला तिची शंका येते.

पण ज्यांच्या मताला किंमत आहे अशा दोघातिघांनी ‘कंप’ डोक्यावर घेतलाय. आणि ऐका, कौतुक कशाचं? माझ्या गिटारचं नाही, चालींचं नाही. ड्रमचं. एकाने लिहिलंय की इथे ठेका स्वतःलाच विसरत चालल्यासारखा वाटतो आणि असं वाजवणारा माणूस दुसरा नाही. म्हणजे इथेही तुम्हीच. असो.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर जो धडधड आवाज येतो तो स्टुडिओच्या जिन्याचा आहे, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही पाणी प्यायला खाली निघालात, दार उघडं होतं, माईक चालू होता. तुम्ही पडलात ते पडलात, आवाज वाया घालवण्यात काय अर्थ होता? तो गाण्यात बसवताना मास्तर कीबोर्डवरून उठून बाहेर गेले आणि दिवसभर परत आले नाहीत. त्यांचं पोट अलीकडे बरं नसतं.

कमरेचं हाड जुळलं का? विचारायचं राहिलं होतं, नंबर बंद असल्यामुळे.

तुमचा मेहुणा


२१ जानेवारी

दाजी,

ताईची चिठ्ठी मिळाली. एकच ओळ आहे: ‘तू त्यांच्या गोळ्या बंद केल्यास.’ काटकसरीने बोलणं हा आमच्या घराण्याचा गुण नाही, तेव्हा ती फारच चिडलेली दिसते.

मी डॉक्टर नाही, औषधवालाही नाही. मी कोणाच्या गोळ्या कशा बंद करणार? ताईला अर्धवट माहिती आहे आणि ती तुम्हीच अर्धवट दिलेली आहे. म्हणून पहिल्यापासून लिहितो, तिलाही वाचू दे.

दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम. मागच्या अल्बममधलं ते गाजलेलं गाणं ऐन रंगात असताना तुमच्या हातातली काडी उडाली. पब्लिकला वाटलं मुद्दाम फेकली, त्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये तुम्ही मला व्हॅनमागे नेलंत आणि उजवा हात माझ्यापुढे धरलात. बोटं आपली आपण हलत होती. कंपवात आहे म्हणालात. गोळ्या चालू केल्यात, त्यांनी आवरतं म्हणालात. ताईला सांगू नकोस म्हणालात. बायकोच्या आधी मेहुण्याला सांगितलंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. पण मी शब्द पाळला. ताईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, तुम्ही जिन्यावरून पडेपर्यंत. शब्द पाळणाऱ्याचं कौतुक कोणी करत नाही.

मग रेकॉर्डिंग. एका सकाळी तुम्ही गोळी घ्यायची विसरून आलात. कानात मात्रा मोजणारी क्लिक चालू होती, आणि तुमचा ठोका तिच्या मागे पडला. नुसता मागे नाही पडला, प्रत्येक ठोक्याच्या पाठीला एक बारीक दुसरा ठोका येत होता, काडी कातड्यावर थरथरत होती म्हणून. बारकी गायची थांबली. मी काचेमागे होतो, मी हाताने खूण केली की चालू दे. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं सांगत नाही. इतकी वर्षं तुम्ही फूटपट्टीने रेघ मारावी तसा ठेका धरलात. त्या दिवशी पहिल्यांदा तो ठेका घाबरलेला होता.

तुम्ही थांबून माफी मागितलीत. मी म्हटलं, “दाजी, उद्याही अशीच विसरा.” चेष्टेत म्हटलं. तुम्ही हसलात. हसला होतात की नाही, ताईसमोर सांगा.

त्यानंतर तुम्ही रोज विसरत गेलात. तुमच्या हातातून गोळी कोणी हिसकावून घेतली नाही. एकदा तुम्ही म्हणालात की पाय उचलत नाहीये, आज घेऊ का? मी म्हटलं, घ्या की, दुसरा ड्रमर बाहेर बसलाय, त्याला आत बोलावतो. हीसुद्धा चेष्टाच होती. बाहेर कोणी बसलेलं नव्हतं. तुम्ही दार उघडून बघू शकला असता.

आता विचाराल की एवढं कशासाठी. सांगतो. ते गाणं जोरात चाललं होतं तेव्हा मी एका हॉटेलात जेवत होतो. शेजारच्या टेबलावर दोघं. एकाने विचारलं, ते गाणं ऐकलंस का? दुसरा म्हणाला, कुठलं? तर पहिल्याने चाल गुणगुणली नाही, शब्द म्हटले नाहीत. त्याने दोन बोटांनी टेबलावर तुमचा ठेका वाजवला. दुसरा लगेच म्हणाला, हां हां, ते. चाल माझी, शब्द माझे, आणि लोक टेबलं बडवतात. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. ड्रायव्हर स्टिअरिंगवर तोच वाजवतो, पोरं डब्यावर तोच वाजवतात, आईच्या ऑपरेशनच्या वेळी नर्ससुद्धा ट्रेवर तोच वाजवत होती. मला वाईट वाटलं. इतकं वाईट की त्या गाण्याचा मला राग येऊ लागला, आणि तुमचाही.

म्हणून असा अल्बम हवा होता, ज्यावर कोणाला टेबल बडवता येणार नाही. झाला की नाही?

मेहुणा


१२ फेब्रुवारी

दाजी,

कंपनीचे साहेब अखेर तयार झाले. मोठ्या हॉलमध्ये एक कार्यक्रम, ‘कंप’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकही जुनं गाणं नाही. एप्रिलमध्ये. लोकांनी डोळ्यांनी बघितलं तर त्यांना पटेल, अशी माझी खात्री आहे. नाही पटलं तर साहेब म्हणाले की पुढचा अल्बम ते सांगतील तसा करायचा. तेव्हा हा कार्यक्रम माझ्यासाठी काय आहे ते तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या जागी एक ड्रमर आणलाय. संगीत शाळेत पहिला आलेला, केस नीट विंचरलेले, घड्याळापेक्षा घड्याळ. त्याला अल्बम ऐकवला. त्याने वही काढली आणि म्हणाला, हे लिहून द्या, बसवतो. मी म्हटलं, हे लिहिता येत नाही बाबा, हे आतून येतं. मग त्याने आतून आणायचा प्रयत्न केला. दारू प्यालेल्या माणसाची नक्कल शाळेच्या गॅदरिंगमध्ये करतात, तसं ते झालं. मास्तर खाली मान घालून हसत होते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगणच वाकडं हवंय आणि याला सरळच नाचता येतं.

दाजी, तुम्ही या. रागावलात ते ठीक आहे, घराघरांत रुसवेफुगवे असतात. हा बँड मुळात तुमचाच. ताईशी लग्न ठरलं तेव्हा तिचा धाकटा भाऊ गिटार वाजवतो म्हणून तुम्ही मला आत घेतलंत. पहिली दोन वर्षं मी नुसता तुमच्या पायाकडे बघून वाजवायचो, हे काही मी विसरलेलो नाही. बुधवारी आणि शनिवारी तालीम असते, टायरच्या वर्कशॉपच्या वरचा तोच हॉल. जिना आहे, पण कठडा नवा बसवलाय.

तुमचा


६ मार्च

दाजी,

शनिवारी तुम्ही न कळवता आलात. मला आनंद झाला होता, हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

तुम्ही काठी भिंतीला टेकवलीत, स्टूल स्वतः खाली-वर करून घेतलंत. ताई पर्स छातीशी धरून बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. त्या घड्याळाने आदराने जागा सोडली. आणि तुम्ही पहिलं गाणं सुरू केलंत. सगळे ठोके जागच्या जागी. डॉक्टर बदलला म्हणालात, नवा डोस बसला म्हणालात, दिवसाचे बरेच तास हात आपला असतो म्हणालात. बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तुम्ही आपणहून त्या जुन्या गाण्याचा ठेका धरलात. मास्तर लगेच सुटले, बारकी गायला लागली, खालून टायरवाले जिन्यापर्यंत आले. आपल्या चौघांचं असं वाजलेलं मी दोन वर्षांत ऐकलेलं नाही.

मी स्पीकर बंद केले ते तुमचा अपमान करायला नाही. कोणीतरी थांबवायला हवं होतं. आणि मी जे म्हटलं तेही साधं होतं. “दाजी, तुम्ही बरे झालात हो,” एवढंच म्हटलं. मग तुम्ही विचारलंत की म्हणजे काय, तेव्हा मी म्हटलं की असे बरे ड्रमर मला कितीही मिळतील. खोटं आहे का? एक तर तिथेच उभा होता.

ताईने पॅसेजमधून सगळं ऐकलं. ती आत आली, तुमची काठी घेतली, तुम्हाला दिली आणि जिना उतरताना तुमच्या पुढे चालली, तुम्ही पडलात तर तिच्या अंगावर पडावं म्हणून. लहानपणी मी सायकल शिकताना ती अशीच पुढे पळायची.

तर आता मुद्द्याचं. कार्यक्रमाच्या आधी एक आठवडा गोळ्या घेऊ नका. फक्त एक आठवडा. नंतर आयुष्यभर घ्या, मी नको म्हणणार नाही. अल्बममध्ये आहेत ते तुमचे हात मला हवेत, शनिवारी घेऊन आलात ते नकोत. लोक खरं बघायला येणार आहेत. त्यांना बरा झालेला माणूस दाखवून फसवणं मला जमणार नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही न सांगता माझं ऐकलंत. आता मी विनंती करतोय.

मेहुणा


१४ मार्च

दाजी,

उत्तर नाही. ठीक.

रविवारच्या पुरवणीत माझी मुलाखत आली आहे, कात्रण सोबत आहे. पत्रकाराने ‘कंप’मधल्या ड्रमबद्दल फार खोदून विचारलं, आणि मीही किती दिवस भूकंपाच्या गोष्टी सांगणार? तुमचा आजार, गोळ्या, जिना, सगळं सांगितलं. तुमच्याबद्दल आदरानेच छापलंय. आता लपवायचं काही उरलं नाही, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने तुम्ही घरी बसला असाल तर ती भीती संपली.

तुमच्याकडे ड्रम शिकायला येणाऱ्या मुलांच्या आयांनी मुलं काढून घेतली असं मास्तर सांगत होते. लोक कोत्या मनाचे असतात. पण तुम्हाला तालमीला वेळ मिळेल.

तुमचा


२२ एप्रिल

दाजी,

तुम्ही माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीत. गेला आठवडाभर मी हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहून बघतोय, याच्यापेक्षा सौम्य होत नाही.

ताईचा निरोप आला होता की ते येतील, तू म्हणतोस तसेच येतील. मी विश्वास ठेवला. कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही काठी टेकत, पाय ओढत स्टेजवर आलात. हॉलमध्ये सगळ्यांनी मुलाखत वाचलेली होती. टाळीसुद्धा वाजली नाही. आणि मग पहिल्या गाण्यापासून तो ठेका. मागे पडणारा, घाबरलेला, पाठीला बारीक थरथर असलेला. अल्बममध्ये होता त्याच्याहून खोल. तिसऱ्या गाण्यात जिन्याची जागा आली तेव्हा तुम्ही बेस ड्रमवर असं काही केलंत की पुढच्या रांगेतल्या एका माणसाने डोळ्यांवर हात ठेवला. मी गिटार वाजवता वाजवता रडलो. सगळ्यांसमोर. मला वाटलं, एवढा त्रास सोसून माझ्या अल्बमसाठी या माणसाने हे दिलं. मला तुमचे पाय धरावेसे वाटले.

शेवटचं गाणं संपलं. लोक उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्या गाण्यासाठी उभे राहिले होते. आणि तुम्ही माझ्याकडे बघून त्या जुन्या गाण्याचा ठेका धरलात.

सरळ. कडक. एक ठोका इकडचा तिकडे नाही. हॉल दणाणून गेला, दाजी. ज्याने डोळ्यांवर हात ठेवला होता तोसुद्धा खुर्चीवर चढला. आपण हे वाजवणार नव्हतो. मास्तर आणि बारकी तुमच्या मागून निघाले, त्यांना आधीच माहीत असणार. मी एकटा काय करणार होतो? मीही वाजवलं, तुमच्या पायाकडे बघत. दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्या आठ गाण्यांबद्दल दोन ओळी होत्या आणि बाकी सगळं त्या एका गाण्याबद्दल. साहेबांनी फोन करून सांगितलं की पुढचा अल्बम असाच हवा.

मेकअपरूममध्ये मी आलो तेव्हा तुम्ही थर्मासमधला चहा कपात ओतून घेत होतात. एक थेंब सांडला नाही. मी विचारलं, गोळ्या?

“एकही चुकवली नाही,” तुम्ही म्हणालात. “तुझा अल्बम ऐकून बसवलं. तीन आठवडे लागले. आधी सांगितलं असतंस तर तेव्हाही बसवून दिलं असतं.”

ताई तिथेच होती. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला नको आहे, तिला सांगा.

मला एवढंच कळत नाही की तुम्हाला लाज कशी वाटली नाही. तीन आठवडे बसून स्वतःच्या आजाराची नक्कल केलीत. लोक खऱ्यासाठी रडले आणि तुम्ही त्यांना पाठांतर म्हणून दाखवलंत. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाल, म्हणा. मी जे केलं ते कलेसाठी केलं. तुम्ही केलंत ते मला खाली बघायला लावण्यासाठी. आणि ‘तेव्हाही बसवून दिलं असतं’ हे साफ खोटं आहे. तसं असतं तर तुम्ही रेकॉर्डिंगच्या वेळीच बोलला असता. न सांगता मला कसं कळणार? तुम्ही नुसते हसायचात.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी अल्बमच्या शेजारी ठेवून ऐकतोय. एकदा हे, एकदा ते. कालपासून कुठलं कुठलं ते ओळखू येईनासं झालंय. माईक हलक्या प्रतीचे होते, त्यामुळे असेल.

पुन्हा लिहिणार नाही.


९ नोव्हेंबर

दाजी,

लिहिणार नव्हतो. पण काल मास्तर रस्त्यात भेटले. ते आता बारकीबरोबर वाजवतात, तुम्हाला माहीत असेलच. माझ्याशी बोलायचं नव्हतं त्यांना, तरी बोलले. म्हणाले की गोळ्या आता लागू पडत नाहीत. डोस वाढवून झाला, डॉक्टर पुन्हा बदलून झाला. शर्टाची बटणं ताई लावते, चमचा ताई धरते. ड्रमवर तुम्ही स्वतः चादर घातलीत आणि त्या मागच्या खोलीत जायचं सोडलंत. मी त्यांना विचारलं, हे त्या स्टुडिओतल्या दिवसांमुळे झालं का? ते म्हणाले, डॉक्टरांना विचार. मग म्हणाले, नको विचारूस.

मी घरी येऊन रडलो. खरंच रडलो, यात काही कला नाही. मला तुमचे ते हात आठवत होते, पहिल्या दौऱ्यात व्हॅनच्या टपावर बोटांनी वाजवत मला मात्रा मोजायला शिकवणारे. तुम्ही मोजायचात आणि मी चुकलो की न रागावता परत एकपासून. तुमच्याइतकं चांगलं माझ्याशी दुसरं कोणी वागलं नाही. हे मी आधी लिहायला हवं होतं, असं ताई म्हणेल. बरोबर आहे तिचं.

माझं विचाराल तर साहेबांचा अल्बम आला आणि गेला. तुम्ही नव्हतात, घड्याळ होतं. लोकांनी ऐकून बाजूला ठेवला. ‘कंप’चं आता कोणी नावही काढत नाही. ते गाणं मात्र तसंच आहे. परवा लिफ्टमध्ये एक माणूस फायलीवर बोटांनी तेच वाजवत होता. मला ओळखलंही नाही. मी त्याला सांगणार होतो की हे ज्याने बसवलं त्याला आता चमचा धरता येत नाही. सांगितलं नाही. पण मनात आलं, आणि ते आल्यावर मला फार दिवसांनी बरं वाटलं, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

दाजी, मला तुमच्याकडे यायचंय. ताईने मास्तरांकरवी सांगितलंय की येऊ नकोस. ती दार उघडणार नाही असं म्हणते, पण घर तुमचं आहे, तुम्ही हो म्हणालात तर उघडेल. तुम्ही आजवर मला नाही म्हटलेलं नाही. अल्बमसाठी येत नाही. माईक आणत नाही, गिटार आणत नाही, कोणाला सांगणारही नाही. थोडा वेळ मागच्या खोलीत बसू, दोघंच. पंखा बंद ठेवू म्हणजे नीट ऐकू येईल. तुम्ही फक्त ड्रमवरची चादर काढायची आणि त्या गाण्याचा ठेका धरायचा, पहिल्यापासून, जमेल तिथपर्यंत. काडी पडली तर मी उचलून देईन, बायकोसमोर पडण्यापेक्षा ते बरं. आजवर तो लोकांनी टेबलांवर, डब्यांवर, स्टिअरिंगवर वाजवला आणि कोणाचा म्हणून चुकला नाही, शेंबड्या पोराचासुद्धा नाही. मला तो एकदा तुमच्या हातून चुकताना ऐकायचाय.

शनिवारी दुपारी येतो. ताईला सांगा, चहा वगैरे काही नको.